घशाला झोंबणारे तेल

श्रोतेहो, नमस्कार. नोव्हेंबर उजाडला की ग्रीसच्या क्रीट बेटावर, शहरात नोकरीला असलेली मुलेसुद्धा रजा काढून गावी परततात, कारण ऑलिव्हची तोडणी सुरू झालेली असते. तिथल्या कोरोनेइकी जातीचे फळ लहान करवंदाएवढे असते आणि अशा चार-पाच किलो फळांतून जेमतेम एक किलो तेल निघते.

एका हंगामात मी अशाच एका कुटुंबाकडे पाहुणी होते. पहिल्याच सकाळी झाडाखाली अंथरलेल्या जाळ्यावरून, पायांत बूट घालून, मी ऐटीत चालत गेले. घरातल्या याया, म्हणजे आजी, एवढ्या मोठ्याने ओरडल्या की शेजारच्या मळ्यातली माणसेही थांबून पाहू लागली. फळ चिरडले की आंबते आणि तेलाची आम्लता वाढते. एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे सर्वांत वरच्या प्रतीचे, म्हणवणाऱ्या तेलात ती ०.८ टक्क्याच्या वर चालत नाही. उरलेला दिवस मी अनवाणी राहून, दंताळ्याने फांद्या विंचरत काढला.

तोडलेले फळ साठवायचे नाही, आजचे फळ आजच घाण्यावर, हा त्या घरचा नियम होता. म्हणून रात्री आम्ही पोती घेऊन गावच्या तेलगिरणीत रांग लावली. तिथे पाने वेगळी होतात, फळे धुतली जातात, बियांसकट दळली जातात, तो लगदा कोमट ठेवून अर्धा-पाऊण तास घोळवला जातो आणि शेवटी वेगाने फिरणाऱ्या यंत्रात तेल निराळे होते. आपले पोते दुसऱ्याच्या पोत्यांत मिसळू नये म्हणून आजी यंत्राजवळून हलल्या नाहीत. (पारदर्शक बाटलीतले तेल दुकानाच्या झगझगीत दिव्याखाली मांडणाऱ्यांना त्या रांगेत एक रात्र उभे करावे, असे माझे ठाम मत आहे, उजेडाने तेल बिघडते.)

नळीतून हिरवेगार, गढूळ तेल पडू लागले. कोणीतरी शेगडीवर पाव भाजला, तेलात बुडवला, वर मीठ भुरभुरले आणि माझ्या हातात दिला. पहिला घास ओल्या गवतासारखा लागला, आणि गिळताच घशात असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आले. रांगेतले म्हातारे खदखदून हसले, कारण ओलिओकॅन्थॉल नावाच्या घटकाची ही झोंब ताज्या, उत्तम तेलाचीच खूण असते. आजींनी माझ्या पाठीवर थोपटले आणि काहीतरी पुटपुटल्या. नातवाने अर्थ सांगितला, "सकाळी तू त्यांना तुडवलेस, आता त्यांनी सूड घेतला."

गिरणीने मजुरी म्हणून तेलातलाच वाटा काढून घेतला. पत्र्याचे डबे गाडीत चढले, अजून कोमट होते. दार लावता लावता आजी माझ्या बुटांकडे बोट दाखवून पुन्हा काही बोलल्या. या वेळी मला नातवाची गरज पडली नाही.