दोन हजार यार्डांनंतरचं वर्ष

(न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळाच्या सभेत ऑगस्ट २०२५ मध्ये केलेलं भाषण, थोडी काटछाट करून.)

नमस्कार मंडळी. मला चाळीस मिनिटं दिली होती. त्यातली बारा बटाटेवड्यांनी खाल्ली. चार वाजता याच हॉलमध्ये ढोल-ताशा पथकाचा सराव आहे, आणि पथकातली पोरं आत्तापासूनच मागच्या दारात उभी आहेत. त्यांच्याकडे बघू नका, मी पण बघत नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सेक्वॉन बार्कली आणि ईगल्सचा ऑफेन्स: पुढच्या मोसमाकडून काय अपेक्षा ठेवाव्यात’. बार्कली म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सचा, चेंडू घेऊन धावणारा खेळाडू; ऑफेन्स म्हणजे संघाची चढाई करणारी बाजू. विषयाखाली कुणीतरी पेनाने लिहिलंय, ‘ठेवू नयेत’. न्यूयॉर्क जायंट्सवाला असणार, म्हणजे बार्कलीच्या जुन्या संघाचा. अक्षर ओळखलंय मी. असू दे. सहा वर्षं तुमच्याकडे असलेला माणूस तुम्ही नदीपलीकडे जाऊ दिलात. तो फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण आहे, असं तुमचे मालक जॉन मारा कॅमेरा चालू असताना बोलून गेले होते. तुमचं दुःख मी समजू शकतो. म्हणजे, समजून घेण्यात मला मजा येते.

नियम समजावत बसत नाही. ज्यांना कळत नाही त्यांनी शेजारच्याला विचारा. त्यालाही कळत नसेल, पण तो सांगेल.

आधी भाऊबीजेची गोष्ट. काहींनी ती ऐकली आहे. त्यांनी चहा घेऊन यावं.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. भाऊबीज. त्याच पहाटे घड्याळं एक तास मागे गेलेली, आणि जॅक्सनविलशी सामना दुपारी चारनंतर. मी आठवडाभर आधीपासून ताईला सांगत होतो, ओवाळणी तीनला उरकू. ताई म्हणाली, “अरे, उन्हात कुणी निरांजन लावतं का? दिवेलागणीला करू.” आणि घड्याळं मागे गेल्यामुळे त्या दिवशी दिवेलागण झाली पाचच्या सुमाराला, पहिला हाफ ऐन रंगात असताना. एरवी सहापर्यंत उजेड असतो हो! अमेरिकन सरकार, पंचांग आणि माझी बहीण यांनी मिळून केलेला हा कट आहे, असं माझं आजही मत आहे.

पाट मांडला टीव्हीसमोर. ती मी केलेली तडजोड. पण ओवाळणारी बाई पाट आणि टीव्ही यांच्या मध्ये उभी राहते, हे ध्यानात आलं नाही. कुंकू लावलं. अक्षतांसाठी मान खाली घातली. आणि तेवढ्यात भाचा किंचाळला. असा किंचाळला की ताम्हनातली सुपारी घरंगळून सोफ्याखाली गेली.

काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. या वर्षीच्या मॅडन या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमच्या खोक्यावर तेच चित्र आहे. चेंडू फेकणाऱ्या आमच्या हर्ट्सचा आखूड पास, बार्कलीने एकाला चुकवलं, दुसऱ्यासमोर गिरकी घेतली, आणि गिरकी संपली तेव्हा त्याची पाठ पुढच्या दिशेला होती. तसाच पाठमोरा तो उडाला आणि जॅक्सनविलच्या वाकलेल्या जॅरियन जोन्सच्या वरून पलीकडे उतरला. पाठमोरा! मी आपला पाटावर, डोळ्यांत अक्षता.

मग रिप्ले. पंचवीस वर्षं या खेळाला ‘ती तुमची मारामारी’ म्हणणारी ताई हातात ताम्हन तसंच धरून उभी राहिली. तिसऱ्या रिप्लेला म्हणाली, “अरे, पण त्याला मागचं दिसलं कसं?”

मला उत्तर देता आलं नाही. निरांजन विझलं, ते तिने पुन्हा लावलं, पुन्हा ओवाळलं. ओवाळणीत दुप्पट पैसे टाकावे लागले.

खरी पंचाईत पुढे झाली. त्या दिवसापासून भाचा बिघडला. मोसमाच्या शेवटी सोळा सामन्यांत ३४५ धावा, म्हणजे क्रिकेटच्या धावा नव्हेत, चेंडू घेऊन धावणं, आणि २००५ यार्ड. एका मोसमातला एरिक डिकरसनचा १९८४ चा विक्रम २१०५ चा. हवे होते १०१. शेवटचा सामना घरी, तोही जायंट्सशी. आणि प्रशिक्षक सिरियानी यांनी त्याला बसवलं! भाचा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. दाजी म्हणाले, बरोबर केलं, पुढे प्लेऑफ आहे, म्हणजे बाद फेरी. त्यावरून त्या घरात जे झालं ते सभेत सांगण्यासारखं नाही. बर्फातल्या रॅम्सच्या सामन्यात २०५ यार्ड काढले तेव्हा कुठे बापलेक बोलू लागले. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकला तो नेमका बार्कलीच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, प्लेऑफ धरून बेरीज २५०४, तोही विक्रम. आता भाचा म्हणतो, “मामा, यंदा सतरा सामने खेळला की एकवीसशे सहा नक्की.”

आणि हा एकटा भाचा नाही. या खोलीतले निम्मे लोक तेच म्हणतात. बसा, बसा, हात वर करू नका.

किती वाजले? साडेतीन? बरं. मग मुद्द्यावर येतो.

२०१६ च्या आयपीएलमध्ये कोहलीने ९७३ धावा केल्या. पुढच्या वर्षी किती? ३०८. कोहली बिघडला होता का? दुखापत होती, काही सामने हुकले, पण मुळात ९७३ ही रोजच्या जेवणातली भाकरी नव्हती, ते पुरणपोळीचं वर्ष होतं.

बार्कलीच्या आधी एका मोसमात दोन हजार यार्ड ओलांडणारे आठ जण. त्यांचं पुढचं वर्ष बघा. सिम्पसन २००३ यार्डांवरून ११२५. डिकरसन २१०५ वरून १२३४. बॅरी सँडर्स २०५३ वरून १४९१, आणि आठांत हेच सगळ्यात चांगलं. (त्यानंतर त्याने निवृत्ती घेतली, तीही गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स करून. असा माणूस आपल्या कार्यकारिणीत हवा, राजीनामे तरी लेखी मिळतील.) टेरेल डेव्हिसचा गुडघा गेला, चार सामन्यांत २११. जमाल लुईस १००६, ख्रिस जॉन्सन १३६४, पीटरसन १२६६, हेन्रीचा पाय मोडला, आठ सामन्यांत ९३७. आठांपैकी एकालाही पंधराशे गाठता आले नाहीत. आणि आपण एकवीसशेचे टी-शर्ट छापायला निघालोय.

का होतं असं? एक तर अंग. प्लेऑफ धरून बार्कली ४३६ वेळा चेंडू घेऊन धावला, आणि प्रत्येक वेळी शेवटी कुणीतरी त्याला आपटलं. दुसरं, लांब पल्ल्याच्या धावा. रॅम्सविरुद्ध नोव्हेंबरमध्ये ७० आणि ७२, जानेवारीत ६२ आणि ७८. चार धावांत २८२ यार्ड. त्यात एकाचा हात बुटाला लागला असता तर ती धाव सहा यार्डांत संपली असती.

तिसरं, आणि हे माझं लाडकं, लाइन. विसर्जन मिरवणुकीत दोर धरून गर्दी मागे सारणारे कार्यकर्ते असतात ना, फोटोत कधीच न येणारे? ते म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. मायलाटा, डिकरसन (लँडन, विक्रमवाला एरिक नव्हे), जर्गन्स, बेक्टन, जॉन्सन. बेक्टन आता चार्जर्स संघाकडे गेला. लेन जॉन्सन पस्तिशीला पोचला. दोर धरणाऱ्यांतला एक बदलला तरी मिरवणूक कुठे अडते, हे पुण्यातून आलेल्यांना सांगायला नको.

हो, दिसली चिठ्ठी. पाच मिनिटं.

ऑफेन्सचं पटकन. डाव आखणारे केलन मूर न्यू ऑर्लिन्सला मुख्य प्रशिक्षक झाले, त्यांच्या जागी आतलेच केविन पटुलो. प्रतिस्पर्धी यंदा बार्कलीसाठी आठ-आठ माणसं पुढे आणतील. आणू देत. सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी त्यालाच अडवायचं ठरवलं. त्याला ५७ यार्डांवर रोखलं आणि ४०-२२ ने हरले, कारण मागे हर्ट्स आणि त्याचे पास झेलणारे ब्राउन आणि स्मिथ मोकळे सुटले. बार्कलीचे यार्ड घटले म्हणजे ऑफेन्स घसरला, हे गणितच चुकीचं आहे. पास नीट चालले नाहीत तर मात्र काळजी करा, मी पण करीन.

टचडाउनचं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याचं म्हणाल, तर एक यार्ड उरला की हर्ट्सला मागून ढकलतात. तो ‘टश पुश’. मुलं बसली आहेत म्हणून मराठी करत नाही. त्यावर बंदी घालायचा ठराव मे महिन्यात पडला, म्हणजे ते टचडाउन यंदाही हर्ट्सच्या नावावर. खेळाडूंच्या आकड्यांवर फँटसी लीग खेळणाऱ्यांनी लिहून घ्या.

माझा आकडा साडेबाराशे. कागदावर लिहून कार्यवाहांकडे देतोय, शेजारी भाच्याचा २१०६. जो हरेल त्याने भाऊबीजेचा... नाही, थांबा, मोसम जानेवारीत संपतो. संक्रांतीचा तिळगूळ आणायचा.

आणि भाऊबीजेवरून आठवलं. यंदा ती गुरुवारी आहे, २३ ऑक्टोबरला. त्या दिवशी ईगल्सचा सामना नाही, मी वेळापत्रक आलं त्याच दिवशी ताडून पाहिलं. तसं ताईला कळवलं. ताई म्हणाली, “गुरुवारी सगळ्यांना ऑफिस असतं रे. आपण रविवारी करू.”

रविवारी, २६ तारखेला, दुपारी एक वाजता, जायंट्स आहेत.

या रे पोरांनो, या आत.