पाइपाजवळची हवा किती अंशांची?

(उद्यमबाग, बेळगाव. शेडच्या भिंतीवरून गेलेला लोखंडी पाइप.)

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. मे महिन्यातही इथली संध्याकाळ सुखाची असते. पण फाउंड्रीच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की ते हवामान दाराबाहेरच राहतं.

भट्टीच्या मागून हा पाइप गेलाय. त्याच्या पोटात ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) एचटी, म्हणजे उच्च दाबाची केबल आहे, ॲल्युमिनियमची, वर एक्सएलपीई या प्लास्टिकचं आवरण. हे आवरण सतत सोसतं ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत. केबलने किती अँपिअर न्यावेत, हे त्या ९० अंशांवर ठरतं.

करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. ती आवरणातून, आर्मरमधून (केबलवरच्या धातूच्या चिलखतातून), पाइपात कोंडलेल्या हवेतून वाट काढत बाहेर येते. ही कोंडलेली हवाच तिला सगळ्यात जास्त अडवते. उघड्या ट्रेवरच्या केबलला निदान वारा तरी लागतो.

"मामा, मालक दुसरी भट्टी घ्यायलेत. ही केबल पुरेल काय ओ?" शेडमधला पोरगा मामांना विचारतो.

हिशेब मांडून बघू. समजा आजचा लोड, म्हणजे विजेची मागणी, २,००० केव्हीए (हजार व्होल्ट-अँपिअर) आहे. ११ केव्हीवर त्याचे होतात १०५ अँपिअर. आणखी १,५०० केव्हीए आले की १८४. केबलच्या तक्त्यात 'हवेत २०० अँपिअर' असं लिहिलंय, असं धरू. कागदावर १६ अँपिअर शिल्लक दिसतात. पण आपल्याकडच्या तक्त्यांत हा आकडा ४० अंशांच्या हवेसाठी दिलेला असतो. पाइपाजवळची हवा ५० अंश असेल, तर केबलला तापायला ५० ऐवजी ४० अंशांचीच जागा उरते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ४० भागिले ५०, त्याचं वर्गमूळ ०.८९. दोनशेचे राहिले १७९. पाइपाचा हिशेब अजून धरलेलाच नाही, तरी केबल कमी पडली.

इथे बरेच जण तक्त्यातल्या 'डक्ट'च्या रकान्यावर बोट ठेवतात. तो रकाना जमिनीत पुरलेल्या पाइपाचा, ३० अंशांच्या मातीतला. शेडमधल्या भिंतीवर तो तसाच वापरणं मला धोक्याचं वाटतं. १९५७ साली नेहर आणि मॅकग्रा यांनी एकेका थराचा उष्णतेला होणारा अडथळा धरून करंट काढायची रीत मांडली. आयईसी ६०२८७ हे आंतरराष्ट्रीय मानकही त्याच वाटेने जातं. पाइपाचा व्यास, केबलची जाडी, बाहेरची हवा, हे सगळं घालून आपला आकडा आपणच काढायचा.

सिंगल कोअर केबल (प्रत्येक फेजला वेगळी) असतील, तर तिन्ही फेज एकाच पाइपातून न्यायचे. एकेक फेज वेगळ्या लोखंडी पाइपात घातला, तर चुंबकीय क्षेत्रामुळे पाइप स्वतःच तापतो.

"आधी थर्मामीटर आण," मामा म्हणतात. "दुपारी, भट्टी फुल लोडवर असताना लाव. पाइपाला चिकटवू नको, हातभर लांब टांग. आणि दाराशी नको रे, भट्टीच्या सगळ्यात जवळून पाइप जातो तिथे."