इवाई आणि गाविलगड

नमस्कार श्रोतेहो.

वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, तिकडे काटोल, नरखेड. हा आपला संत्र्याचा पट्टा. इथं चार माणसं पारावर बसली की भाव निघतो, बागेवरचे कोळशी, डिंक्या असले रोग निघतात. आज मी त्यातलं काहीच काढणार नाही. आज धुऱ्यापलीकडचे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडचे दगड. जुने किल्ले, जुनी तळी, जुनी देवळं. बागेत येता-जाता ज्यांच्याकडे आपण बघत नाही, ते.

हा विषय सुचला तो माझ्या इवायांमुळे, म्हणजे व्याह्यांमुळे. माझी मुलगी दिली नाशिककडे. इवाई द्राक्षबागाईतदार, दिंडोरीच्या बाजूचे. माणूस गुणाचा, पण द्राक्षाचा विषय निघाला की थांबत नाही. मागे डिसेंबरात आले. आमची बाग ताणावर होती, म्हणजे बहारासाठी पाणी तोडलेलं, हाताला काम नव्हतं. जेवताना म्हणाले, "पाहुणे, आमच्याकडं पुण्या-मुंबईची माणसं पैसे मोजून बाग बघायला येतात. वायनरी बघतात, टाक्या बघतात, फोटो काढतात. तुमच्याकडं बघण्यासारखं काय आहे?"

आमच्या सौभाग्यवतींनी भाजीचं पातेलं जरा जोरात ठेवलं. मी म्हटलं, उद्या दाखवतो.

सकाळी आधी अचलपूर. तुम्हाला सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी सांगतो: हे गाव एके काळी वऱ्हाडची राजधानी होतं. इमादशाहीची राजधानी. आज आपण तिथं परतवाड्याला जाताना लागणारं गाव म्हणून जातो. परतवाडा ही तर इंग्रजांची छावणी, कालची पोर. गावाबाहेर हौज कटोरा आहे. तळ्याच्या मधोमध उभा अष्टकोनी मनोरा. लक्षात ठेवा, अष्टकोनी, आठ बाजूंचा, आणि पाण्याच्या मधोमध. वरचे मजले एका नबाबाने वाड्याच्या बांधकामाला दगड हवे म्हणून उतरवले असं सांगतात. उरलेल्या भिंतींवर प्रेमी जिवांनी नावं कोरून ठेवली आहेत. बाबांनो, लग्नपत्रिकेवर नाव छापून येईलच की, थोडा धीर धरा.

इवायांनी मनोऱ्याभोवती एक चक्कर मारली. बोलले काही नाहीत. मग आम्ही चिखलदऱ्याचा घाट चढलो आणि गाविलगडावर आलो.

गाविलगडाचं आजचं बांधकाम बहमनी सुलतान अहमदशहाच्या काळातलं, साल १४२५. पुढे इमादशाहीच्या फत्तेउल्लाने डागडुजी केली. किल्ला दुहेरी आहे: एक बाहेरचा, एक आतला, मधे दरी. आतल्या किल्ल्याच्या दरवाज्यावर दगडात कोरलेला दोन डोक्यांचा पक्षी आहे. गंडभेरुंड. पंजात आणि चोचीत हत्ती धरलेत, बाजूला वाघ-सिंहासारखे शार्दूल. मी इवायांना म्हटलं, बघा, हा राजसत्तेचा पक्षी. त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दोन तोंडं, पोट एकच. हा तर आमचा अडत्या."

असो. आता मी सरसावलो. माझी आवडती गोष्ट मी कोणालाही गाविलगडावर सांगितल्याशिवाय राहत नाही. हा १८०३ चा डिसेंबर. आसईची लढाई झाली, अडगावची झाली. मराठ्यांची फौज मोडली, तिथले काही लोक या गडावर आले. गड नागपूरकर भोसल्यांचा, किल्लेदार बेनीसिंग. भोसले म्हणजे तेच, ज्यांनी औरंगाबादेहून संत्र्याचं कलम आणलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला भिडला. दक्षिणेकडून चढणं अवघड, म्हणून त्याने कर्नल स्टीव्हन्सनला डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला पाठवलं. रस्ता नव्हता. जंगलातून रस्ता करत करत, माणसांनी ओढून तोफा वर नेल्या. श्रोतेहो, या डोंगरात तोफा ओढायच्या! आपल्याला दहा क्रेट ट्रॅक्टरमधून उतरवायचे तर माणूस मिळत नाही.

तोफांनी बाहेरच्या भिंतीला खिंडार पडलं. १५ डिसेंबरला इंग्रज आत घुसले. पण आतला किल्ला तसाच उभा. भिंत शाबूत, दरवाजे बंद. तेव्हा कॅम्पबेल नावाचा एक कॅप्टन थोडे शिपाई घेऊन दरी उतरला, पलीकडचा कडा चढला आणि शिडी लावून तटावर गेला. एक शिडी. आतून दरवाजा उघडला आणि खेळ संपला. बेनीसिंग दरवाज्यापाशी लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं.

हे सगळं मी हातवारे करून सांगत होतो. मागे वळून पाहतो तर इवाई नाहीत.

शोधलं तर तळ्याच्या काठावर उकिडवे बसलेले. गडावर देवतलाव आहे, मच्छी तलाव आहे, आणखीही आहेत. हातात काडी घेऊन ते मातीवर रेघा ओढत होते. मला म्हणाले, "बसा इथं. हा उतार बघा. ते टेकाड, हे टेकाड, मधली सगळी जमीन तळ्याकडं कललेली. पाऊस पडला की पाणी दुसरीकडं जाणारच नाही. आणि इकडं खालच्या अंगाला हा बांध. नुसता बांध नाही, दगडी आहे." मग काडीने काठावरचं गवत बाजूला केलं. खाली घडीव दगडांची ओळ होती, सांध्यात अजून चुना होता. नखाने खरवडून पाहिला, निघाला नाही.

"तुमची लढाई ऐकली मी," ते म्हणाले. "शिडीने पडला ना किल्ला? पाण्यावाचून नाही पडला?"

मी म्हटलं, नाही.

"डोंगराच्या माथ्यावर, नदी नाही, विहीर नाही, आणि डिसेंबरात एवढं पाणी. तुमच्या बागेतलं बोअर किती फूट?"

मी सांगितलं, नऊशे. त्यातही उन्हाळ्यात हवा येते.

त्यावर ते काही बोलले नाहीत. काडी टाकली, हात झटकले. मीही बोललो नाही. श्रोतेहो, वरूड-मोर्शीत भूजल किती उपसलं गेलंय ते मी रेडिओवरून सांगण्याची गरज नाही, तुमच्या मोटारी रोज सांगतात. माझं म्हणणं एवढंच, की किल्ला बघायला जाल तेव्हा तट आणि तोफा तर बघाच, पण पाणी बघा. पाणी कुठून येतं आणि कुठं अडवलं, ते बघा. हौज कटोऱ्यातही तेच, गाविलगडावरही तेच.

परत येताना इवायांनी गाडीत एकच प्रश्न विचारला: एवढं सगळं आहे, मग तुम्ही कोणाला सांगत का नाही? खरं आहे. वायनरीत स्टीलची टाकी दाखवायला माणूस उभा असतो. आपल्याकडे सहाशे वर्षांच्या तळ्याजवळ कुरकुऱ्यांची पाकिटं.

वेळ संपत आली, म्हणून बाकीचं पटपट सांगतो. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. गोविंदप्रभूंचं गाव, महानुभावांचं तीर्थ. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथंच लिहिलं, वाजेश्वरीच्या ठिकाणी. आता मराठी भाषा विद्यापीठही तिथंच झालंय. मुक्तागिरी: बावन्न जैन मंदिरं आणि धबधबा, हद्द मध्य प्रदेशची पण रस्ता आपल्या परतवाड्याहून. पावसाळ्यात जा, नाहीतर धबधब्याच्या जागी नुसता काळा कडा दिसेल. आणि अचलपूर ते मूर्तिजापूर धावणारी छोटी रेल्वे, शकुंतला. कापसासाठी टाकलेले अडीच फुटी रूळ, १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन, ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. आता गाडी बंद आहे, रुळांवर काही ठिकाणी बाभळी उगवल्या आहेत. ही गाडी नवीन चकाचक करून परत सुरू करा असं काही लोक म्हणतात. माझं मत विचाराल तर चकाचक नको. वेगाने जायला एसटी आहे.

गाविलगडाला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. गड मेळघाटच्या जंगलात आहे, अस्वलं फिरतात, म्हणून चारच्या आत खाली उतरा. पायात बूट घाला. प्यायचं पाणी सोबत न्या, तळ्यातलं पिऊ नका. आणि जोडीला एखादा शेतकरी न्या, बागाईतदार असला तर उत्तम.

नमस्कार.