नांगर कमी फिरला की शेतात कोण कोण राहतं? मातीतल्या जिवांची गोष्ट

नमस्कार मंडळी, आजचा विषय माती. पण खत किती टाकायचं, एकरी किती निघेल हे आज बाजूला ठेवूया, आज बघूया या मातीत राहतं कोण. जैवविविधता म्हटलं की आपल्याला जंगल आठवतं, वाघ आठवतो, फार तर बांधावरची झाडं आणि पक्षी. आणि २०२३ साली शास्त्रज्ञांनी अंदाज काढला की पृथ्वीवरच्या साधारण ५९ टक्के प्रजाती मातीत राहतात! म्हणजे आपण जिथे दरवर्षी नांगर घालतो, रोटाव्हेटर फिरवतो, तिथेच.

आता मधमाशीचं बघा. मधमाशी म्हणजे पोळं असंच आपण धरून चालतो, पण जगात मधमाश्यांच्या २० हजारांवर जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जमिनीत बीळ करून एकट्या राहतात. उत्तर अमेरिकेत भोपळ्याच्या फुलांवर जगणारी एक माशी आहे, ती भोपळ्याच्या शेतातच, वेलांच्या मधे बीळ खणते, खाली छोट्या छोट्या खोल्या करते, प्रत्येकीत परागकणांचा साठा आणि एक अंडं. ती पिल्लं पुढच्या हंगामापर्यंत तिथेच मातीत असतात. आणि पीक निघालं की आपण काय करतो, नांगर घालतो. २००५ च्या एका अभ्यासात दिसलं की बिननांगरणीच्या शेतात या माश्या जवळपास तिप्पट होत्या. भोपळ्याला फळ धरायला माशी लागतेच, म्हणजे हा तोटा आपलाच आहे हो.

गांडुळांचंही तसंच, जी खोल उभी बिळं करून राहतात त्यांना नांगरणीचा फटका सगळ्यात जास्त. मुळांना स्फुरद (फॉस्फरस) आणून देणाऱ्या बुरशीचं जाळंही तुटतं.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, नाही नांगरलं, काडीकचरा तसाच ठेवला, पण मग गोगलगायी होतात त्याचं काय? बरोबर आहे, होतात. ओलावा आणि आसरा मिळाला की त्या येणारच. पण त्याच कचऱ्याखाली त्यांना खाणारे काळे भुंगेरेही राहतात, आणि इथेच एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सोयाबीनवर प्रयोग झाला, निकाल २०१५ मध्ये छापून आला. बियाण्याला निओनिकोटिनॉइड गटातल्या कीटकनाशकाची बीजप्रक्रिया केलेली होती, म्हणजे पेरण्याआधीच ते बियाण्याला लावलेलं होतं, आणि ते पुढे रोपातही उतरतं. गोगलगाय काही कीटक नाही, त्यामुळे तिने ती रोपं आरामात खाल्ली, तिला काहीच झालं नाही, पण विष तिच्या अंगात गेलं, मग तिला भुंगेऱ्याने खाल्लं आणि भुंगेरा गेला. भुंगेरे कमी झाले, गोगलगायी वाढल्या, उत्पन्न घटलं. म्हणजे औषधाचे पैसे द्यायचे आणि आपलाच राखणदार मारायचा!

म्हणून माझं स्पष्ट मत, नुसती नांगरणी बंद करून भागत नाही. नांगर थांबला आणि त्याच्या जागी तणनाशकाचे फवारे वाढले तर एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. जमीन कमी हलवा, उघडी ठेवू नका, दोन पिकांच्या मधल्या काळात काहीतरी हिरवं असू द्या, दरवर्षी तेच तेच पीक नको, आणि कीड दिसल्याशिवाय औषध नको, हे सगळं जोडीने करावं लागतं. तणाचा त्रास पहिली काही वर्षं वाढू शकतो हे धरूनच चला, आणि सगळ्या रानात एकदम नको, एका तुकड्यावर सुरुवात करा.

आणि फरक पडतोय की नाही हे स्वतः बघा. माती ओलसर असताना फावड्याने २० सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल चौकोन काढा, गोणपाटावर हाताने फोडा, गांडुळं मोजा, आकडा लिहून ठेवा आणि माती परत भरा. एकच जागा नको, शेतात चार-पाच ठिकाणी करा. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत, तशीच ओल असताना परत मोजा, कारण कोरड्या दिवसांत गांडुळं खोल जातात आणि आकडा फसवतो. आकडे आले की खाली कमेंटमध्ये टाका, नांगरणी केलेल्या तुकड्याचे आणि न केलेल्या तुकड्याचे, दोन्ही.