गोदीच्या दारातलं पाळणाघर

श्रोतेहो, नमस्कार.

पाळणाघराचा विषय निघाला की बोलणं लगेच आईवर येऊन ठेपतं. तिनं नोकरी करावी का, मूल इतकं लहान असताना ठेवावं का, घरात कुणी मोठं माणूस नाही का. आज मी आईबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय ते सरकारी तिजोरीबद्दल.

पाळणाघर जवळ हवं, परवडणारं हवं आणि चांगलं हवं. तिन्ही एकदम. जवळ आहे, स्वस्त आहे, पण एकीच्या अंगावर वीस पोरं, तर तिथे मूल ठेवून कामात लक्ष लागेल का? आणि चांगलं आहे, पण निम्मा पगार तिथेच जातो, तर घरी राहिलेलं काय वाईट, असं बाईला वाटणारच. या तिन्ही गोष्टी एका छपराखाली आल्या होत्या, त्याची हकिगत मी संधी मिळेल तिथे सांगते. आजही सांगते.

साल 1943. दुसरं महायुद्ध ऐन भरात. अमेरिकेत ऑरेगन राज्यात पोर्टलंड नावाचं शहर आहे. तिथे हेन्री कायझर या उद्योगपतीच्या गोद्यांत जहाजं बांधली जात होती, दिवसरात्र, तीन पाळ्यांत. पुरुष लढाईवर गेलेले, म्हणून हजारो बायका वेल्डिंगसारखी कामं शिकून गोदीत रुजू झाल्या. आणि मग खाडे पडू लागले. मूल कुणाकडे ठेवायचं, हाच प्रश्न. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीही हा विषय लावून धरला. नोव्हेंबर 1943 मध्ये दोन गोद्यांच्या दाराशी दोन पाळणाघरं उघडली.

दाराशी, बरं का. ज्या वाटेनं कामाला जायचं, त्याच वाटेवर. मूल सोडायला उलट्या दिशेला जायला नको. दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंतची मुलं तिथे असत. पाळणाघर चोवीस तास उघडं. आई रात्रपाळीला, तर मूल तिथेच झोपे.

आणि इमारत कशी? मधोमध अंगण, अंगणात खेळायला उथळ पाण्याचे हौद, आणि भोवती गोल पंधरा खोल्या. प्रत्येक खोलीला भरपूर खिडक्या, आणि खिडकीतून गोदी दिसायची. आई कुठे गेलीय, हे मुलाला दिसायचं! आंघोळीचे टब उंचावर बसवलेले, सांभाळणाऱ्या बायकांना वाकावं लागू नये म्हणून. मुलांसाठी बांधलेल्या किती इमारतींत खिडक्या मुलांच्या डोक्याच्या वर असतात, तुम्हीच आठवून पाहा. उजेड येतो, पण मुलाला बाहेरचं काही दिसत नाही. मला याचा फार राग येतो. तपासणीला येणारा अधिकारी खोलीचं क्षेत्रफळ मोजतो, आग विझवायचं नळकांडं बघतो. त्यानं एकदा गुडघ्यांवर बसून त्या खोलीतून बाहेर बघावं. असो, गोष्टीकडे येते.

कामाची माणसं कोण होती? लोइस मीक स्टोल्झ आणि जेम्स हाइम्स, दोघंही बालशिक्षणातली जाणकार. शिक्षिका त्यांनी देशभरातून शोधून आणल्या, बालविकासाचं शिक्षण घेतलेल्या, आणि चांगला पगार देऊन आणल्या. पाळी संपवून मूल न्यायला आलेल्या आईला, आधी सांगून ठेवलं असेल तर, घरी न्यायला तयार जेवण विकत मिळे. आईचा चुलीपुढचा वेळ वाचला तर तो मुलाला मिळेल, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

सुरुवातीला आया बिचकल्या, मुलं कमी आली. मग एकीनं दुसरीला सांगितलं आणि खोल्या भरल्या. एकूण 3,811 मुलं तिथे राहून गेली.

आता पैसे. आईकडून एका मुलाचे दिवसाला 75 सेंट घेत. खर्च त्याहून बराच जास्त. उरलेला कुठून यायचा? जहाजाच्या किमतीत धरला जायचा, आणि जहाजाची किंमत सरकार देत होतं. म्हणजे उरलेले पैसे सरकारचे. पुन्हा सांगते, उरलेले पैसे सरकारचे. 1945 मध्ये युद्ध संपलं, कंत्राटं संपली, पाळणाघरं बंद झाली. मुलं लहानच होती, पण सरकारची गरज संपली होती.

असं का होतं? सरकारी पैसा थांबला की चांगलं पाळणाघर का चालत नाही? एक माणूस दोन-चारच तान्ही मुलं नीट सांभाळू शकतो. यंत्र आणून ते काम भराभर होत नाही. मग सांभाळणारीला धड पगार द्यावा तर आईबापांना परवडत नाही, आणि त्यांना परवडावं तर सांभाळणारी अर्धपोटी. ती दुसरी नोकरी शोधते, आणि मुलापुढे पुन्हा नवा चेहरा. ही तूट सरकारनंच भरायची असते. रस्त्याला पैसे देताना आपण वाद घालत नाही.

अमेरिकेच्या संसदेनं 1971 मध्ये अशी देशव्यापी सोय करणारं विधेयक मंजूर केलं होतं, पण राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतानं मात्र 1997 मध्ये दिवसाला 5 डॉलर शुल्क ठरवून टाकलं. लहान मुलं असूनही कामाला जाणाऱ्या बायका पुष्कळ वाढल्या. पण जागा पुरल्या नाहीत, नावं नोंदवून लोक थांबून राहिले, आणि काही अभ्यासकांना मुलांच्या वागण्यात चिडखोरपणा वाढलेलाही दिसला. त्याचा अर्थ पाळणाघरं नकोत, असा मुळीच नाही. शुल्क एका आदेशानं कमी होतं, शिक्षिका तयार व्हायला वर्षं लागतात. 2021 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारनं पाच वर्षांसाठी 30 अब्ज डॉलर जाहीर केले, सरासरी शुल्क दिवसाला 10 डॉलरवर आणायचं म्हणून. तिथेही अडलं ते माणसांवाचून.

म्हणून माझं म्हणणं असं, की सरकारी पैसा आधी सांभाळणारीच्या पगारात आणि शिक्षणात जावा, मग नव्या जागांत, आणि त्यांच्या जोडीनं शुल्क उतरावं. जवळ, परवडणारं आणि चांगलं, तिन्ही एकदम. स्वस्त पाळणाघरांचं आश्वासन घेऊन कुणी उमेदवार दारी आला, तर त्याला विचारा, तिथे काम करणाऱ्या बाईला पगार किती, आणि पुढच्या पाच वर्षांच्या तरतुदीत तो कुठे लिहिलाय?

नमस्कार.