१३७ अंशांचं नागपूर

इंटिग्रल सोडवताना चल बदलला की सीमाही, म्हणजे कुठून कुठे इंटिग्रेट करायचं ते आकडेही, बदलावे लागतात. विसरलं तर काय होतं? मे महिन्यातल्या नागपूरच्या तापमानाचा एक ढोबळ नमुना घेऊ. पहाटे ३ वाजता २८ अंश, दुपारी ३ वाजता ४४. मध्यरात्रीपासून मोजलेले तास म्हणजे टी. पाय (π) भागिले १२ ला (टी वजा ९) ने गुणायचं, त्याचा साइन घ्यायचा, त्याची आठपट ३६ मध्ये मिळवायची, की झालं तापमान. सकाळी ९ ते दुपारी ३ ची सरासरी हवी असेल, तर ९ ते १५ इंटिग्रेट करून ६ ने भागायचं.

साइनच्या आतल्या भागाला यू म्हणा. मग डीटी म्हणजे डीयूच्या १२ भागिले पाय पट. इथवर सहसा कुणी चुकत नाही. पुढच्या ओळीत मात्र इंटिग्रलच्या चिन्हावर ९ आणि १५ तसेच राहतात आणि सरासरी येते सुमारे १३७ अंश. नवतप्यातही आपण इतके भाजत नाही! ९ आणि १५ हे तास होते, यू रेडियनमध्ये आहे. टी ९ असताना यू शून्य, टी १५ असताना यू पाय भागिले २. या सीमा घातल्या की ३६ अधिक १६ भागिले पाय, म्हणजे सुमारे ४१.१.

सीमा बदलल्यावर परत टीकडे यायची गरज नाही. यायचंच असेल तर सीमा बाजूला ठेवून अनिश्चित इंटिग्रल टीमध्ये पूर्ण लिहा, मग ९ आणि १५ घाला. दोन्हींची खिचडी नको.

वरची सीमा खालच्यापेक्षा लहान आली तर घाबरू नका. शून्य ते पाय भागिले २ मध्ये कॉस वर्ग एक्स गुणिले साइन एक्स घ्या. यू म्हणजे कॉस एक्स धरलं की सीमा १ ते ० होतात आणि डीयूबरोबर उणे चिन्ह येतं. सवयीने ० खाली आणि १ वर लिहून उणे तसंच ठेवलं, तर उत्तर उणे एक तृतीयांश. मुळात फलन कुठेच ऋण नाही, मग क्षेत्रफळ ऋण कसं?

खरी मेख पुढे आहे. शून्य ते पाय, १ भागिले (१ अधिक साइन वर्ग एक्स). इथे टी म्हणजे (तास नव्हे) टॅन एक्स घेतलं तर दोन्ही सीमा शून्य, म्हणून उत्तर शून्य? फलन तर सतत अर्धा ते एकच्या मध्ये आहे, म्हणजे उत्तर १.५७ च्या खाली जाणं शक्यच नाही. सीमा सारख्या येणं हा दोष नव्हे. उणे १ ते १ मध्ये एक्स गुणिले ई चा एक्स वर्ग घातांक घ्या, यू म्हणजे एक्स वर्ग धरा. सीमा १ ते १ येतात आणि शून्य हेच बरोबर उत्तर. एक्स वर्ग मध्ये कुठे तुटत नाही. टॅन मात्र पाय भागिले २ ला तुटतो: अनंताला जातो आणि पलीकडून उणे अनंतातून परततो. म्हणून तिथेच इंटिग्रल तोडा. पहिल्या तुकड्यात सीमा शून्य ते अनंत, दुसऱ्यात उणे अनंत ते शून्य, आत १ भागिले (१ अधिक २ टी वर्ग). प्रत्येकाचं उत्तर पाय भागिले (२ गुणिले वर्गमूळ २). बेरीज पाय भागिले वर्गमूळ २, सुमारे २.२२.