‘स्विच यूजर’ केलंत, पण आधीचा माणूस गेला कुठे?

नमस्कार मंडळी! आमच्या घरी कॉम्प्युटर एक आणि माणसं चार. परवा रात्री झोपायला जाताना मी शटडाऊन दाबलं, तर स्क्रीनवर सूचना: हा पीसी अजून दुसरं कुणीतरी वापरतंय, बंद केलात तर त्यांचं सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं. म्हटलं, सगळे तर घोरतायत, कोण वापरणार? दिलं दाबून.

सकाळी ताई समोर उभी. तिचा प्रोजेक्ट रिपोर्ट वर्डमध्ये उघडा होता, आणि तो गेला.

झालं असं, की ताईने जाताना ‘साइन आउट’ केलंच नव्हतं, ‘स्विच यूजर’ केलं होतं. दिसायला दोन्ही सारखंच, लॉगिनचा स्क्रीन येतो. पण साइन आउट म्हणजे टेबल आवरून उठणं, सगळे प्रोग्राम बंद. स्विच यूजर म्हणजे पसारा तसाच ठेवून वर चादर टाकणं. फाइली, ब्राउझरचे टॅब, सगळं मागे चालूच राहतं.

विंडोजमध्ये ही सोय आली २००१ साली, एक्सपीबरोबर. मॅकवर २००३ मध्ये, ‘पँथर’ नावाच्या आवृत्तीत. तिथे खातं बदलताना अख्खा स्क्रीन ठोकळ्यासारखा गर्रकन फिरायचा. उपयोग शून्य, पण मजा यायची!

करायचं कसं? कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबा, ‘स्विच यूजर’ निवडा. किंवा विंडोजचं बटण आणि एल. स्क्रीन लॉक होतो, एखादी की दाबली की खाली डाव्या कोपऱ्यात घरातल्यांची खाती दिसतात. आपल्या नावावर क्लिक करा, पासवर्ड टाका, झालं.

आता ज्यांच्या मशीनला चारच जीबी रॅम (चालू प्रोग्रामना लागणारी मेमरी) आहे त्यांनी कान द्या, कारण मागे चालू राहिलेली खाती हीच मेमरी अडवतात. ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ म्हणून दुकानात न्यायच्या आधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘यूजर्स’मध्ये जा. ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यातून बघितलंत तर कोण कोण आत बसलंय आणि कुणी किती मेमरी अडवलीय, सगळं दिसतं. आमच्याकडे भाच्याच्या खात्यात गेम चालूच होता, आणि तो स्वतः शाळेत! तिथूनच त्याला साइन ऑफ करता येतं, पण त्याचंही सेव्ह न केलेलं काम जाणार. तेव्हा आधी हाक मारून विचारा.

आणि ताईचा रिपोर्ट? वर्ड अधूनमधून स्वतःच प्रत ठेवतं, त्या ‘ऑटोरिकव्हर’ने दीड पान परत दिलं. बाकीचं ती सांगतेय, मी टाइप करतोय.